पांढऱ्या पिसांचा व्यवहार

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअर नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. १९२३ साली तिथल्या ओशन व्ह्यू गावातल्या सिलिया स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि घरी येऊन पडली ५००! बाईंनी ती परत धाडली नाहीत. वाढवली आणि कोवळी असतानाच मांसासाठी ६२ सेंट पौंड या भावानं विकली. असा भाव पाहिल्यावर शेजारी कशाला मागं राहतील? बघता बघता तो सगळा मुलूख ब्रॉयलरच्या शेडांनी भरून गेला.

या शेडांमध्ये एक संकर फार चाले: पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडा आणि तांबूस न्यू हॅम्पशायर कोंबडी. पिल्लं झपाट्यानं वाढत, पण अंगभर काळे पट्टे. कोंबडी सोलल्यावर कातडीत अडकलेले काळ्या पिसांचे खुंट दुकानात उठून दिसत, आणि गिऱ्हाईक नाक मुरडे.

ओशन व्ह्यूमध्येच जॉर्ज एलिस यांची हॅचरी होती. १९४० च्या सुमारास त्यांनी हेरलं की या संकरातून मधूनच एखादं जवळपास पांढरं पिल्लू निघतं. दुसऱ्या कुणी ते बिघडलेला माल म्हणून विकून टाकलं असतं. एलिस यांनी ती पिल्लं निवडून त्यांचीच वीण वाढवली. आधी तिला तिथल्या नदीवरून ‘इंडियन रिव्हर’ म्हणत, पुढं ‘डेलावेअर’ हे नाव रूढ झालं. १९५२ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं तिला मान्यताप्राप्त जातींत घेतलं.

हा पक्षी दिसतो रुबाबदार. अंग पांढरं, तुरा लालभडक, आणि मान, शेपूट व पंखांची टोकं यांवर तुटक काळे पट्टे. प्रत्येक पिसाची दांडी मात्र पांढरीच. काळ्या पट्ट्याच्या पिसाचीसुद्धा. पूर्ण वाढलेला कोंबडा सुमारे ३.९ किलो भरतो, कोंबडी ३ किलोंच्या आसपास. अंडी तपकिरी आणि चांगली मोठी.

खरी गंमत आहे ती या रंगाच्या वारशात. तांबूसपणा पुसून पांढरा रंग देणारं ‘सिल्व्हर’ जनुक आणि पट्टे पाडणारं जनुक ही दोन्ही लिंगगुणसूत्रावर असतात. कोंबड्याकडे त्यांच्या दोन प्रती, कोंबडीकडे एकच. म्हणून डेलावेअर कोंबडा न्यू हॅम्पशायर कोंबड्यांवर सोडला की सगळी पिल्लं फिकट निघतात, आणि एलिस यांना नेमकं तेच हवं होतं. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडी डेलावेअर आणि कोंबडा तांबडा, की नर पिल्लं फिकट आणि माद्या तांबूस. अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच रंग पाहून नर-मादी वेगळे करता येतात. हॅचरीवाल्याला याहून सोयीचं काय हवं?

ब्रॉयलरच्या बाजारात डेलावेअरचं हे वैभव फार टिकलं नाही. उद्याची आदर्श कोंबडी शोधायला अमेरिकेत एक स्पर्धा भरवली होती. तिची १९४८ ची अंतिम फेरी डेलावेअरमधल्याच जॉर्जटाउनला झाली आणि पहिला नंबर पटकावला कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस यांच्या कॉर्निश जातीच्या संकरानं. पुढं पांढरा कॉर्निश आणि पांढरी प्लिमथ रॉक यांची पिल्लं आणखी लवकर तयार होऊ लागली, आणि त्यांच्या अंगावर काळं पीस औषधालाही नव्हतं. १९५० चं दशक सरेपर्यंत डेलावेअर मागं पडली. व्हँट्रेस हे नाव कॉब कंपनीला जोडून आजही चालू आहे. आपल्याकडे पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजची ‘वेंकॉब’ कोंबडी आली ती त्याच कॉबच्या घराण्यातून.

आता डेलावेअर उरली आहे ती परसातल्या खुराड्यांत आणि प्रदर्शनांच्या पिंजऱ्यांत. हौशी लोकांनी तर प्लिमथ रॉक आणि न्यू हॅम्पशायर यांची जोडी लावून ती नव्यानं घडवायला घेतली आहे. तिथं रंग कसोटी पाहतो. सिल्व्हरची एकच प्रत असलेल्या कोंबड्याच्या खांद्यावर पिवळसर-तांबूस झाक उतरते. कोंबडी मात्र एकतर पांढरी नाहीतर तांबडी, तिला अधलंमधलं जमत नाही. पिवळी झाक उन्हानं आणि मक्याच्या खाद्यानंही येऊ शकते, त्यामुळे नुसतं पीस पाहून कोंबडा बाद करायची घाई जाणते लोक करत नाहीत.

पण निव्वळ पट्टे मोजत पैदास केली तर या जातीवर अन्याय होतो. तिचा रंग निवडला गेला तो मांसाच्या बाजारासाठी. जुन्या जाती जपणाऱ्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या अमेरिकन संस्थेनं बकआय जातीवर केलेलं काम इथं उपयोगी पडतं. तिथं वाढत्या वयातली पिल्लं तराजूवर घातली, कवटीची रुंदी, पाठीचा सपाटपणा आणि छातीच्या हाडाची लांबी हातानं चाचपली आणि त्यावरून पुढच्या पैदाशीचे पक्षी निवडले. डेलावेअरची निवडही याच क्रमानं करता येते: आधी वजन आणि हाड, आणि त्यात उतरलेल्या पक्ष्यांचे पट्टे मग मोठेपणीची पिसं आल्यावर पाहायचे.