न्यायसभेत उभा राहणारा परमेश्वर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्याचा आनंद गेले आठ दिवस आपण मिरवणुकीने, गायनाने व पंगतीने व्यक्त करीत आहोत. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र आम्ही मुद्दाम निराळा योजिला आहे. ज्युबिली हा शब्द ज्या पवित्र शास्त्रातून आपल्याकडे आला, तेथे तो रोषणाईचा शब्द नसून न्यायाचा शब्द आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वर मोशेस आज्ञा करितो की, सात वेळा सात वर्षे मोजून झाल्यावर प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावे व पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी, दारिद्र्यामुळे ज्याचे वतन दुसऱ्याच्या हाती गेले असेल त्यास ते परत मिळावे, आणि जो स्वतःच विकला गेला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या कुळाकडे जावे. मेंढ्याच्या त्या शिंगास इब्री भाषेत योबेल म्हणतात. त्यावरूनच ज्युबिली हे नाव पडले. तेव्हा पन्नासाव्या वर्षी दिव्यांच्या माळा लावण्यापूर्वी, दुसऱ्या कोणाचे शेत आपल्याकडे राहून गेले आहे काय, हे पाहणे हा ह्या सणाचा मूळ विधी होय.

म्हणून आज आम्ही ८२ वे स्तोत्र विवरणास घेतले आहे. जुन्या लॅटिन प्रार्थनापुस्तकांत त्याचा अंक ८१ असा आढळेल. ग्रीक भाषांतरकारांनी ९ वे व १० वे स्तोत्र एकत्र धरिले, त्यामुळे पुढील अंक एकेकाने मागे सरले, एवढेच त्याचे कारण. स्तोत्र अवघ्या आठ वचनांचे आहे. ते आसाफाच्या नावावर आहे, आणि यरुशलेमच्या मंदिरात लेवी ते आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, गात असत, अशी नोंद यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात आहे.

स्तोत्रातील देखावा न्यायसभेचा आहे. तेथे परमेश्वर उभा राहतो, आणि ज्यांना 'देव' ही पदवी दिलेली आहे अशा सत्ताधाऱ्यांस जाब विचारितो. किती काळ तुम्ही वाकडा निवाडा करीत राहणार व दुष्टांची भीड धरणार, हा त्याचा पहिला प्रश्न. मग दुबळा, पोरका, पीडित व कंगाल ह्यांची नावे येतात. त्यांस न्याय द्यावा व दुर्जनाच्या हातून सोडवावे, असे तो बजावितो. ह्या आरोपपत्रात काय नाही, तेही ध्यानात घ्यावे. यज्ञ चुकले, उपास मोडले, मंदिरातील दिवा विझला, असा एक शब्दही त्यात नाही. पुढे स्तोत्रकर्ता म्हणतो की, हे न्यायाधीश अंधारात चाचपडत असल्यामुळे पृथ्वीचे पाये डळमळू लागले आहेत. कोणास ही अतिशयोक्ती वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. गावात एक खोटा दस्त पचला की दुसऱ्या वर्षी दहा जण तीच वाट विचारू लागतात, आणि ज्याच्याजवळ सत्य आहे तो साक्ष देण्यास भिऊ लागतो. पाये हलणे ह्याहून निराळे ते काय असणार?

'देव' म्हटलेले हे कोण, ह्याविषयी विद्वानांत फार पूर्वीपासून मतभेद आहेत. कोणी म्हणतात, ते इस्राएलातील न्यायाधीश; कोणी म्हणतात, सीनाय पर्वताशी नियमशास्त्र स्वीकारणारी सारी प्रजा; कोणी म्हणतात, राष्ट्रांवर नेमलेल्या स्वर्गीय शक्ती. मृत समुद्राजवळ कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ साली जी हस्तलिखिते सापडली, त्यांपैकी एक १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यात तिसऱ्या मतासारखाच अर्थ आहे. तेथे मलकीसदेक हा न्यायासनाशी उभा राहून दुष्ट आत्म्यांचा निवाडा करितो. परंतु आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्या जीर्ण तुकड्यांत लेवीय ग्रंथातील ज्युबिलीची आज्ञा, यशयाच्या ६१ व्या अध्यायातील बंदिवानांच्या मुक्ततेची वार्ता आणि हे ८२ वे स्तोत्र, ही तिन्ही एकत्र गुंफलेली आहेत. ज्युबिलीचे शिंग व परमेश्वराचे न्यायासन ह्यांची सांगड आम्ही आज पदरची घातलेली नाही. प्रभू येशूच्या काळाच्या आसपास यहुदी भक्त ती घालीत होते. आणि नासरेथच्या सभास्थानात प्रभूने उभे राहून जे वाचिले, तेही यशयाच्या ग्रंथातील तेच स्थळ होय.

प्रभूने ह्या स्तोत्राचा आधार स्वतः एकदा घेतला. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात तो प्रसंग आहे. हिवाळ्याचे दिवस, मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण, शलमोनाची देवडी, आणि भोवती जमलेल्यांच्या हातांत दगड. मनुष्य असून स्वतःस देव म्हणवितो, हा त्यांचा आरोप. प्रभू उत्तर देतो की, ज्यांना परमेश्वराचा शब्द प्राप्त झाला त्यांनाच जर शास्त्र देव म्हणते, तर ज्यास पित्याने पवित्र करून जगात पाठविले तो स्वतःस परमेश्वराचा पुत्र म्हणतो, ही निंदा कशी होईल? ह्या उत्तरात आपल्यासाठी एक किल्ली आहे. ज्यांना परमेश्वराचा शब्द प्राप्त झाला ते, ही त्या पदवीची व्याख्या प्रभूनेच सांगितली. दुसऱ्या शतकातील संत इरेनेयुस ह्यांनी तीत दत्तकपुत्र झालेल्या सर्व श्रद्धावंतांस गणिले. ही पदवी स्वभावाने नव्हे तर कृपेने मिळते, असे संत आगस्तीन ह्यांनी स्पष्ट केले. म्हणजे स्नानसंस्कार झालेला प्रत्येक जण ह्या न्यायसभेत प्रेक्षक म्हणून नव्हे, तर अधिकारी म्हणून उभा आहे, आणि प्रश्न त्यालाच विचारिला जात आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, आम्ही कसले न्यायाधीश? आमच्या हाती ना कचेरी, ना शिक्का. बंधूंनो, ज्या दिवशी घरातील वडील मनुष्य मरतो व महिन्याची मिस्सा झाल्यावर भाऊ ओटीवर बसतात, त्या दिवशी ती ओटी न्यायसभा होते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करिता वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेपैकी, मुलेबाळे असल्यास, एक तृतीयांश त्याच्या विधवेस जाते व उरलेली दोन तृतीयांश मुलगे व मुली ह्यांस सारख्या वाट्याने मिळते. कायदा स्पष्ट आहे. तरी ओटीवर काय घडते, हे आम्ही धर्मगुरूच्या नात्याने अनेक घरी पाहिले आहे. बहिणीला चहा देतात, मायेने विचारपूस करितात, आणि मग हक्कसोडपत्र पुढे ठेवितात. सही केली नाही तर माहेर तुटेल, हे कोणी बोलत नाही. बोलण्याची गरजही नसते. विधवा भावजयीस सांगतात की, सातबारावर नाव कशाला हवे, आम्ही काय तुला उपाशी ठेवणार आहोत? अशा वेळी घरात बसलेला थोरला भाऊ, गप्प राहणारा मामा, साक्षीदार म्हणून सही करणारा शेजारी, हे सर्व स्तोत्रातील 'देव' होत. आपखुशीने वाटा सोडणारी बहीणही असते, हे आम्ही जाणतो. परंतु आपखुशी खरी की नाही, हे ठरविण्यास तिला निदान एक आठवडा द्यावा व त्या आठवड्यात तिच्या घरी कोणी फेरी मारू नये.

येथे एक आक्षेप वारंवार ऐकू येतो, आणि तो भक्तिमान लोकांकडून येतो म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. आपण ख्रिस्ती आहो, प्रभूने क्षमा शिकविली, मग न्याय मागणे हे जुन्या कराराचे काम नव्हे काय? शाप देणाऱ्या स्तोत्रांनी ख्रिस्तसभेसही विचारात पाडिले आहे, हे खरे. पोप सहावे पौल ह्यांच्या काळात प्रार्थनाविधीचे पुस्तक सुधारून निघाले, तेव्हा तीन स्तोत्रे त्यातील कठोर शब्दांमुळे सार्वजनिक पठणातून वगळण्यात आली. त्यांपैकी एक आपल्या स्तोत्राच्या लगतचेच आहे. आपले स्तोत्र मात्र राहिले. कारण त्यात सूड मागितलेला नाही. न्याय मागितला आहे, आणि तोही दुसऱ्याच्या वतीने. शिवाय संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील विधवा आठवावी. परमेश्वराचे भय नाही व माणसाची चाड नाही, अशा न्यायाधीशाच्या दारी ती पुनःपुन्हा जाते आणि एकच मागणे मागते, की प्रतिपक्षाविरुद्ध मला न्याय मिळावा. प्रभू तिला गप्प बसविीत नाही. न खचता प्रार्थना कशी करावी, ह्याचा कित्ता म्हणून तिला आपल्यापुढे ठेवितो. क्षमा ही जिचे लुबाडले गेले तिने द्यावयाची देणगी आहे. ज्याने लुबाडले त्याने ती तिच्याकडून हक्काने मागावी, आणि धर्मगुरूने त्यास दुजोरा द्यावा, हे शास्त्रात कोठेही नाही. घेतलेले चौपट परत करीन असे जक्कयाने सांगितले, तेव्हाच त्या घरास तारण प्राप्त झाल्याचे प्रभूने म्हटले.

आता स्तोत्रातील पहिल्या क्रियापदाकडे पुन्हा वळू. न्यायाधीश बसतो, ही जगाची रीत. येथे परमेश्वर उभा राहतो. निवाडा सांगण्यासाठी तो उभा राहतो, असा अर्थ टीकाकार करितात, आणि यशयाच्या ३ ऱ्या अध्यायातही तो तसाच उभा राहतो. परंतु ख्रिस्ती मनुष्यास आणखी एक न्यायसभा ठाऊक आहे. तेथे पिलात बसलेला आहे आणि प्रभू हात बांधलेला उभा आहे. दुबळा, पीडित व कंगाल ही जी नावे स्तोत्रात आली, ती सर्व त्या क्षणी एकाच मनुष्यास लागू पडतात. ज्याने जाब विचारावयाचा तोच आरोपी झाला, आणि तरीही, वरून दिल्यावाचून तुला माझ्यावर कसलाही अधिकार नसता, असे त्याने त्या राज्यपालास सुनाविले. तुम्ही देव खरे, पण माणसांसारखे मराल व एखाद्या सरदारासारखे कोसळाल, असा स्तोत्राचा इशारा आहे. १९६१ साली कैसरिया येथे प्राचीन नाट्यगृहाच्या अवशेषांत पिलाताचे नाव कोरलेला एक दगड सापडला. तो फुटलेला होता, आणि पुढच्या काळातील गवंड्यांनी तो जिन्याच्या पायरीस वापरिला होता.

स्तोत्राचे शेवटचे वचन विनंतीचे आहे: परमेश्वराने उठावे व पृथ्वीचा न्याय करावा, कारण सर्व राष्ट्रे त्याचीच आहेत. बिझंटाईन विधीच्या ख्रिस्तसभांत, मग त्या रोमशी संलग्न असोत वा नसोत, हे वचन पुण्य शनिवारच्या उपासनेत गातात. तोवर वेदीवर व धर्मगुरूंच्या अंगावर काळी वस्त्रे असतात. स्तोत्र चालू असता ती उतरवून पांढरी चढवितात. ग्रीक लोकांत तर धर्मगुरू तमालपत्रे उधळीत देवळातून फिरतो व लोक बाके वाजवितात. 'ऊठ' ह्या प्रार्थनेस परमेश्वराने कबरेतून उठून उत्तर दिले, असा ह्या विधीचा भाव आहे. नंतर संत मत्तयच्या २८ व्या अध्यायाचे वाचन सुरू होते. त्यात दोन स्त्रिया पहाटे कबर पाहावयास निघतात. त्या काळच्या न्यायसभेत स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे यहुदी इतिहासकार जोसेफस ह्यांनी लिहून ठेविले आहे. आणि परमेश्वराच्या निवाड्याची पहिली वार्ता शिष्यांस कळविण्याचे काम त्याच दोघींवर सोपविण्यात आले.