पदविकेवाचून पाठरचना



शिकविण्याचे पाठ आंखून देणें, म्हणजे ज्यास आज 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' म्हणतात तें, हा आतां एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याच्या पदविकाहि निघाल्या आहेत. पदविका नसलेल्या मनुष्यानें या कामांत शिरावें काय, असें कित्येक विचारतात. त्यांस मी एका हिशेबनिसाची हकीगत सांगतों.

फझले हसन आबेद हे लंडनला जमाखर्चाचें शास्त्र शिकलेले, तेलाच्या कंपनींत नोकरी केलेले गृहस्थ. १९७२ सालीं त्यांनीं बांगला देशांत 'ब्रॅक' ही संस्था काढली. तेथें अतिसारानें मुलें मरत. साखर व क्षार घातलेलें पाणी पाजल्यास रोगी वांचतो, हें ढाक्यांतील डॉक्टरांनीं १९६८ सालींच दाखविलें होतें; परंतु अक्षरशत्रु आईला तें शिकवावें कसें? संस्थेनें पाठ बसविला तो असा: अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. सारें माप आईच्या हातांतच! चिमूट मोठी झाली तर अपाय. म्हणून नुसतें सांगून भागत नसे, आईकडून करवून घ्यावें लागे. १९८० पासून दहा वर्षें कार्यकर्त्या स्त्रिया दारोदार हिंडल्या व एक कोटीहून अधिक घरांत हा पाठ पोंचला.

यांतील मर्म पुढेंच आहे. कांहीं दिवसांनीं दुसरेंच कोणी निवडक घरीं जाऊन आईची परीक्षा घेई, आणि तिला काय येतें त्यावर शिकविणारीचा मेहनताना ठरे. हा नियम शाळाखात्यानें लावला असता तर आम्हां मास्तरांच्या किती चुली पेटल्या असत्या, तें न विचारलेलेंच बरें!

तरीहि आरंभीं एक विपरीत आढळलें. आयांस कृति येई, पण मूल आजारी पडल्यावर त्या ती करीत ना. शोध घेतां कळलें कीं, शिकविणाऱ्या कित्येकींचाच त्या पाण्यावर भरंवसा नव्हता. मग त्यांस त्यामागील कारण समजावून दिलें, आणि गांवांतील पुरुषांनाहि जमवून सांगण्यास सुरुवात झाली.

नोकरी देणारा पदविकाच मागेल तेथें इलाज नाहीं. एरवीं आपणांस पक्की येणारी एक लहानशी गोष्ट घ्यावी, मग ती यंत्रास तेल घालण्याची कां असेना. तिचा पाठ लिहून तो न येणाऱ्या तिघांस द्यावा, आणि जवळ बसून तोंड मिटून पाहावें. जेथें ते अडतील तेथें पाठ बदलावा. पहिला पाठ, बदललेला पाठ आणि बदलाचें कारण, हे तीन कागद घेऊन मुलाखतीस जावें.