कौल मताचा कीं गुणाचा?

ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत अथेन्स नगरीमध्यें पुढाऱ्याला वाळीत टाकण्याची एक कायदेशीर रीत होती. ज्याचें वर्चस्व नगराला धोक्याचें वाटे, त्याचें नांव नागरिकांनीं मडक्याच्या खापरीवर कोरून द्यावयाचें. पुरेशा खापऱ्या भरल्या म्हणजे ज्याचें नांव सर्वांत अधिक वेळां निघे, त्यानें दहा वर्षें नगर सोडून जावयाचें. १९३७ सालीं अॅक्रॉपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरींत उत्खनन करणाऱ्यांना थेमिस्टॉक्लीझ या पुढाऱ्याच्या नांवाच्या १९० खापऱ्या सांपडल्या. सॅलमिसच्या आरमारी लढाईंत ग्रीसला वांचविणारा तोच हा थेमिस्टॉक्लीझ. अक्षर ताडून पाहतां असें दिसून आलें कीं, त्या साऱ्या खापऱ्या अवघ्या चौदा हातांनीं लिहिलेल्या आहेत. लोकांनीं आपापल्या घरून मत आणावें अशी अपेक्षा. पण येथें कोणीं तरी मतें आधींच तयार करून टोपलींत भरून ठेविलीं होतीं!

खापऱ्या गेल्या, पण जेथें मत देणारा दिसत नाहीं, मत देण्यास श्रम पडत नाहींत आणि निकाल मात्र दुसऱ्याला भोगावा लागतो, तेथें ही युक्ति पुन्हा जन्म घेते. इंटरनेटवरील चर्चास्थळें हें अशा जागेचें आजचें मोठें उदाहरण होय. तेथें कोणीहि अभिप्राय लिहावा, आणि वाचणाऱ्यानें वरचा बाण दाबून त्याला एक गुण द्यावा किंवा खालचा बाण दाबून एक गुण काढून घ्यावा, अशी सोय असते. ज्याचे गुण अधिक, तो लेख पानाच्या माथ्यावर चढतो. ज्याचे फार उणे होतात, त्याची घडी घालून तो झांकला जातो. संपादक नेमण्याऐवजीं वाचकांनाच संपादक करावें, ही कल्पना मुळांत उदार आहे; आणि स्वयंपाकाच्या कृति, यंत्रांची दुरुस्ती, गणिताचीं कोडीं अशा विषयांत ती बऱ्यापैकीं चालतेहि. राजकारण निघालें कीं तिचा तोल जातो.

घोटाळा आहे तो बाणाच्या अर्थाचा. २००५ सालीं निघालेल्या रेडिट या स्थळाच्या शिष्टाचारांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, केवळ पटत नाहीं एवढ्यासाठीं खालचा बाण दाबूं नये. ज्या लेखानें चर्चेंत कांहींच भर पडत नाहीं त्याच्यासाठीं तो आहे. म्हणजे वाचकाला कौल मागितला आहे तो गुणाचा. तो देतो तो मताचा. करवाढीच्या बाजूनें आंकडे देऊन शांतपणें लिहिलेला परिच्छेद करवाढीच्या विरोधकाला उथळ वाटतो, आणि त्याच्या स्वतःच्या पक्षानें केलेली चार शब्दांची टवाळी मार्मिक वाटते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण मराठी माणसाला कोणीं शिकवावयास नको.

यांत लबाडीच असते असें मात्र नव्हे. १९५१ सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन व डार्टमथ या दोन विद्यालयांच्या संघांमध्यें फुटबॉलचा एक सामना झाला. खेळ फार धसमुसळा झाला. हाडें मोडलीं, आणि दोहीं बाजूंनीं वर्तमानपत्रांतून आरोप सुरू झाले. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनीं सामन्याचा चित्रपट दोन्ही विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दाखविला आणि दिसतील ते नियमभंग टिपून ठेवण्यास सांगितलें. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जितके अपराध दिसले, त्यांच्या निम्मे देखील डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले नाहींत. चित्रपट तोच, नियम तेच. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा रोख असा कीं, दोन पक्ष एकाच घटनेकडे पाहत असले तरी ते दोन निराळे सामने पाहत असतात. बाण दाबणाऱ्या वाचकाचीहि तीच स्थिति असते. तो पक्षपात करीत आहे असें त्याला मुळींच वाटत नाहीं. आपण गुणच जोखीत आहों अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि म्हणूनच त्याला केलेला उपदेश वायां जातो.

त्यांत आणखी भर पडते ती दुसऱ्याची री ओढण्याच्या संवयीची. मुचनिक, अॅरल व टेलर या तीन संशोधकांनीं एका वृत्तचर्चास्थळावर पांच महिने प्रयोग केला, आणि त्याचा वृत्तान्त २०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत आला. एक लाखाहून अधिक अभिप्रायांपैकीं कांहींना, ते प्रसिद्ध होतांच, कोणतेंहि कारण नसतां एक गुण चिकटविण्यांत आला. तेवढ्यानें पहिल्याच वाचकानें वरचा बाण दाबण्याचा संभव शेंकडा ३२ नें वाढला, आणि अखेरची गुणसंख्या सरासरीनें शेंकडा २५ नें फुगली. नवल असें कीं, खोटा उणा गुण दिला तर पुढचे वाचक तो भरून काढीत. लोकांना खोटी निंदा खपली नाहीं, खोटी स्तुति खपली. अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांवरील चर्चेंत ही लागण आढळली नाहीं. ती आढळली ती राजकारण, समाज व संस्कृति आणि व्यापार या विषयांत.

टोळी बांधून केलेला उद्योग हा याच्या पुढला. २००४ सालीं निघालेल्या डिग या स्थळावर लेख वर चढविण्याबरोबर तो ‘पुरण्याचें’हि बटन होतें, आणि पुरणाराचें नांव गुप्त राही. २०१० च्या ऑगस्टमध्यें असा आरोप प्रसिद्ध झाला कीं, शंभराच्या आसपास पुराणमतवादी सभासद आपसांत निरोप पाठवून उदारमतवादी लेख ठरवून पुरीत असत. चौदा हातांची विहीर ती हीच. पुढें २०१६ सालीं, अमेरिकेंतील अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमींत, रेडिटवरील ट्रम्पसमर्थकांच्या एका मंडळानें आपले लेख पाळीपाळीनें ठळक जागीं लावले, त्यांवर भराभर मतें पाडून घेतलीं आणि सर्व मंडळांचें सामाईक पान व्यापून टाकलें. चालकांना क्रम लावण्याचें गणितच बदलावें लागलें. दोष एकाच बाजूचा आहे असें कोणीं मानूं नये. त्याच स्थळावरील राजकारणाचें मोठें मंडळ डावीकडे झुकलेलें आहे, ही उलट तक्रारहि जुनीच आहे. आणि तेथें टोळीची गरज पडत नाहीं, नुसतें बहुमत पुरतें.

या बहुमताचें काम फार मुकाट्यानें चालतें. अल्पसंख्य मताचा माणूस विचारपूर्वक चार ओळी लिहितो. तासाभरांत त्यांची घडी होते. उत्तर कोणीं दिलेलें नसतें, चूक कोणीं दाखविलेली नसते. असें पांचसहा वेळां झालें म्हणजे तो लिहिणें सोडतो, आणि पुढें वाचणेंहि सोडतो. तो गेला कीं मत देणाऱ्यांतला त्याच्या बाजूचा एक हात कमी होतो, आणि त्याच्यासारख्या दुसऱ्याचा लेख आणखी लवकर बुडतो. शेवटीं उरतात ते सर्व एकमताचे. पानाच्या माथ्यावर हजारों गुणांचा लेख पाहून नवखा वाचक समजतो कीं, सारा देश असाच विचार करीत आहे. मग निवडणुकीचा निकाल विपरीत लागला कीं त्याला तो घातपात वाटतो.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. १९९७ सालीं निघालेल्या स्लॅशडॉट या स्थळानें गुण देण्याचा अधिकार थोड्या सभासदांना पाळीपाळीनें, मोजून व मुदतीनें दिला; गुण देतांना ‘मर्मग्राही’, ‘भडकाऊ’ असा शेरा निवडण्याची अट घातली; आणि ज्या चर्चेंत आपण लिहिलें तींत गुण देण्यास मनाई केली. वादी आणि न्यायाधीश एकच नसावा, हें साधें तत्त्व तेथें पाळलें गेलें. त्या गुणदानाची तपासणी पुन्हा इतर सभासद करीत. यूट्यूबनें २०२१ च्या नोव्हेंबरपासून नापसंतीचा आंकडा प्रेक्षकांपासून झांकून ठेविला. त्यानें री ओढणें थोडें कमी होईल. पण झांकलेल्या आंकड्यामागचा पक्षपात जागच्या जागींच राहतो.

याहून मूलगामी उपाय ट्विटरनें २०२१ च्या जानेवारींत सुरू केला. आज एक्स या नांवाखालीं तो ‘कम्युनिटी नोट्स’ म्हणून ओळखला जातो. संशयास्पद मजकुराखालीं वाचकांनींच खुलाशाची टीप लिहावयाची आणि इतरांनीं ती उपयुक्त कीं निरुपयोगी तें सांगावयाचें. मात्र येथें नुसतीं डोकीं मोजीत नाहींत. पूर्वीं ज्यांचे कौल एकमेकांच्या विरुद्ध पडत आले, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांना जी टीप उपयुक्त वाटते तीच प्रसिद्ध होते. एकाच गोटांतून हजार कौल आले तरी ती वर येत नाहीं. टोपलीभर खापऱ्या आगाऊ लिहून ठेवणाऱ्याची त्यामुळें बरीच अडचण होते. पण या चाळणीची किंमतहि पडते. दोन्ही गोटांना पटेल अशी टीप विरळा असल्यामुळें लिहिलेल्या टिपांपैकीं बहुतेक प्रकाश पाहतच नाहींत, आणि ज्या प्रश्नावर देश सर्वांत अधिक दुभंगलेला असतो, त्याच प्रश्नावर दोहींकडचा होकार मिळणें सर्वांत कठीण जातें.