खर्जाची जागा

घरी सिनेमा बघायला सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारी पेटी, आणलात, की तो टीव्हीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात ढकलून मोकळे होऊ नका. कोपऱ्यात आवाज वाढतो खरा, पण बऱ्याचदा नुसताच घुमतो. ४० हर्ट्झच्या स्वराची लाट साधारण साडेआठ मीटर लांब, आपली खोली तिच्या निम्मी. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा कुठे एकमेकींत मिसळून फुगतात, कुठे एकमेकींना गिळतात. म्हणून सोफ्यावर ढोल मिळमिळीत वाटतो आणि दारात उभ्या पाहुण्याच्या छातीत धडधडतं!

उपाय जरा हसू आणणारा आहे. सबवूफर चक्क सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा. खर्जाचं एखादं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे ठोका सुटा, स्वच्छ ऐकू येईल, तिथे पेटी ठेवायची.

विकत घेताना वॉटच्या आकड्यांना भुलू नका. दहा बाय बाराच्या खोलीला बंद पेटीचा दहा इंची सबवूफर बहुधा पुरतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. आणि हो, शोकेस आधी तपासा. आठवडाभर मी खडखडाटाचा दोष सबवूफरला देत होतो. वाजत होती काचेमागची पितळी समई.