सोन्याच्या खाणीतला क्षय

रुग्ण औषध मध्येच सोडतात म्हणून क्षय हटत नाही, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींचा अनुभव पाहिला, की हे म्हणणं अपुरं वाटू लागतं. तिथे ‘थिबेला’ नावाचा मोठा प्रयोग झाला. निवडक खाणींत कामगारांना सरसकट नऊ महिने आयसोनियाझिड या क्षयप्रतिबंधक औषधाच्या गोळ्या देऊ केल्या. प्रयोगात एकूण २७ हजारांवर कामगार होते. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गोळ्या चालू होत्या तोवर घेणाऱ्यांना संरक्षण मिळालं, त्या थांबल्यावर तेही गेलं आणि खाणींतलं क्षयाचं एकूण प्रमाण घटलं नाही. याचं एक मोठं कारण खडकात आहे. खडक फोडताना सिलिकाची बारीक धूळ उडते. फुफ्फुसात जंतू गिळणाऱ्या पेशी ही धूळही गिळतात आणि मरतात, मग क्षयाच्या जंतूला रान मोकळं. या धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराच्या जोडीला एचआयव्ही आला, की धोक्याची बेरीज नव्हे, गुणाकार होतो. शिवाय खाण सोडली तरी छातीतली धूळ जात नाही.

कुणी म्हणेल, गोळी गिळायची तर रुग्णानेच ना? अर्धवट उपचारांतूनच औषधाला दाद न देणारा क्षय बळावतो. खरं आहे, आणि म्हणूनच रुग्ण उपचार का सोडतो, हे विचारलं पाहिजे. शेजारच्या लेसोथो देशातून आलेल्या कामगाराचा दम तुटू लागला की नोकरी जाते. सहा महिन्यांच्या उपचारातले दोनच झालेले असताना तो डोंगरातल्या गावी परततो. केसपेपर सरहद्दीपलीकडे खाणीच्या दवाखान्यात राहतो. खोकला लपवला तर पगार चालू, दाखवला तर घर उपाशी, अशा पेचातल्या माणसाला बेजबाबदार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांनी २०१२ साली मापुटोत खाणींतल्या क्षयाविषयी संयुक्त जाहीरनामा केला, तो हा प्रश्न एकट्या रुग्णाचा नाही म्हणूनच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. धूळ बसवायला पाणी, खेळती हवा, आजारपणात पगार, हे सगळं खाणींना परवडेल का? पण न केल्याचा खर्चही आहेच. सिलिकोसिस आणि क्षय झालेल्या कामगारांच्या दाव्यात सहा कंपन्यांनी सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड केली आणि २०१९ साली जोहान्सबर्गच्या न्यायालयाने ती मंजूर केली. तोवर कितीतरी दावेदार हयात नव्हते.