पाइप झाकायचा, पण कोंडायचा नाही

आजचा विषय जेमतेम दीड हात लांबीचा आहे. न्हाणीघरातल्या बेसिनखाली लोंबणारा तो सुरकुत्यांचा पांढरा पाइप. पाहुणे आले की त्यांची पहिली नजर तिथंच जाते, असं निदान आपल्याला तरी वाटतं. घरात नळ आला, न्हाणीत बेसिन आलं, आणि चार बाय पाच फुटांच्या जागेत हा पाइप लपवायचा कसा, ही काळजीही सोबत आली.

मिस्त्रीला विचारलं तर तो पटकन सांगतो, "वहिनी, भिंतीत झिरी मारून पाइप गाडून टाकू, वरून टाइल लावू. दिसायचाच नाही." त्याला हो म्हणायच्या आधी एकच विचारा. भिंत कशाची आहे?

आपल्या जिल्ह्यातली जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाड भिंत, दोन्ही तोंडांना दगड, मध्ये चिपांची आणि मातीची भर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते सास्तूरकडच्या बायकांना सांगायला नको. लातूर आणि आपला जिल्हा मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. धक्का मोठा होताच, पण मातीत रचलेल्या त्या जड भिंती आणि डोक्यावरचं माळवदाचं ओझं अंगावर आलं म्हणून इतके जीव गेले. अशी भिंत आजही कुणाच्या न्हाणीला लागून उभी असेल, तर तिला चर पाडणं म्हणजे बसलेला दगड हलवणं. त्यात पाइप गाडला आणि सांधा थेंब थेंब गळू लागला, तर टाइलमागची माती महिनोन् महिने भिजत राहते. बाहेरून काही कळत नाही. टाइल पोकळ वाजू लागते, पलीकडच्या खोलीत रंगाला पोपडे येतात, तोवर आतली माती सुटलेली असते.

विटांची चार इंची भिंत असली तरी हिशेब करा. सव्वा इंची पाइप आत घालायचा तर दीड-दोन इंचांची झिरी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी भिंत गेली. भूकंपानंतर बांधलेल्या घराच्या भिंतीतून आडवा काँक्रीटचा पट्टा फिरवलेला असेल, तर त्याला छिन्नी लावूच देऊ नका. घर एकत्र बांधून ठेवायला तो घातलेला आहे.

म्हणून पाइप भिंतीच्या बाहेरच ठेवायचा आणि समोरून झाकायचा.

झाकण्याआधी आत काय आहे ते समजून घेऊ. बेसिनखाली जी बाटली किंवा वळण असतं त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं, आणि तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. सुरकुत्यांच्या पाइपला हे वळण धड राहत नाही, शिवाय घड्यांमध्ये मळ धरतो. तो काढून बाटलीचा ट्रॅप आणि पुढं सरळ पीव्हीसी पाइप बसवून घेतला की अर्धा गबाळेपणा तिथंच जातो. पाइपला फुटामागं पाव इंच उतार हवा. स्टीलसारखा चकचकीत ट्रॅप घेतला तर झाकायचीही गरज उरत नाही, हे माझं मत. पण प्रत्येकीची आवड वेगळी.

झाकायचंच असेल तर सगळ्यात सुटसुटीत म्हणजे बेसिनखालचा चिनी मातीचा खांब. मातीच्या भिंतीत बेसिनचे बोल्ट नीट धरत नाहीत, तिथं खालून भार घेणारा खांब किंवा लोखंडी स्टँड दुहेरी कामाला येतो. मात्र खांबामागं हात जाईल एवढी जागा आहे का, ते दुकानातच हात घालून बघा. दुसरा उपाय छोट्या कपाटाचा. प्लायवुड ओलीनं फुगतं, पीव्हीसीच्या पत्र्याचं कपाट टिकतं. ते जमिनीपासून चार-सहा बोटं वर टांगलं की खालून फरशी पुसता येते. भिंत मातीची असेल तर टांगू नका, पायांवर उभं करा. तेही नको असेल तर बेसिनच्या कडेला तार ओढून प्लास्टिकचा पडदा लावा. दिसायला साधा, पण दोन मिनिटांत निघतो.

विटा रचून, वर कडप्पा टाकून पाइप कायमचा चिणून टाकणं मला पटत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. सांध्यांवर पांढरी खपली धरते, ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा चोथा अडकतो, दोन-तीन महिन्यांनी तो उघडावाच लागतो. पाइप कसा झाकायचा हे घरधनी आणि मिस्त्री ठरवतात, तुंबल्यावर आत हात मात्र आपल्यालाच घालावा लागतो. तेव्हा दार कुठं, किती मोठं, हे आपणच सांगायचं. ट्रॅपखाली एक तसराळं मावेल आणि दोन्ही हात फिरतील, एवढं दार हवंच.

नळदुर्गचा पाणीमहाल पाहिला असेल तुम्ही. आदिलशाहीत बोरी नदीवर बांध घातला आणि त्याच्या पोटात महाल केला. पावसाळ्यात पाणी वरून कोसळतं, आत माणूस कोरडा. पण त्या बांधणाऱ्यांनीही आत उतरायला जिना ठेवलाच. आपण तर साधा ट्रॅप झाकतोय.

ऊसतोडीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाऊन घर दोन-चार महिने बंद राहणार असेल, तर ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि परत आल्यावर घरभर वास. निघताना तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाच्या थरानं पाणी सावकाश आटतं.

आणखी एक. पाइप बदलताच आहात, तर बेसिनचं पाणी संडासाच्या टाकीत सोडू नका. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत. न्हाणीच्या बाहेर पाइप काढून अळू किंवा केळीच्या बुडाशी सोडा. जागा नसेल तर शोषखड्ड्यात. दारात डबकं साचू देऊ नका, डास होतात.

मिस्त्री निघायच्या आधी बेसिनला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. पाणी जात असताना प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा राहिला तरच दार लावू द्या आणि पैसे द्या.