कापसाच्या तंतूचा कायापालट

शिवणाच्या दोऱ्याच्या रिळावर किंवा धोतरजोडीवर ‘मर्सराइज्ड’ हा शब्द पुष्कळांनी वाचला असेल. तो एका माणसाच्या नावावरून आलेला आहे. जॉन मर्सर हा इंग्लंडातील लँकेशायर परगण्याचा रहिवासी. बालपणी त्याने कांड्या भरल्या, पुढे हातमाग चालविला आणि रसायनशास्त्र स्वतःच्या बळावर आत्मसात केले. १८४४ साली तो कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण सुती कापडातून गाळीत होता. द्रावण गळून गेले. पण गाळणेच पालटले. ते आखडले, जाड झाले आणि पूर्वीपेक्षा अधिक बळकट ठरले. रंगही ते अधिक गडद घेऊ लागले.

असे का व्हावे? कापूस हा मुख्यतः सेल्युलोजचा बनलेला असतो. बोंडात असताना त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे रसाने भरलेली एक सूक्ष्म नळी असते. बोंड उकलले की ती वाळते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो. ह्या पिळदार पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे विखुरतो. म्हणून साधे सूत निस्तेज दिसते. कॉस्टिक सोडा आत शिरताच तंतू फुगतो, पीळ उकलतो, चपटी नळी गोल होते आणि तिच्यातील पोकळी जवळजवळ मिटते. सेल्युलोजचे रेणू नव्या मांडणीने बसतात आणि सोडा धुऊन टाकल्यावरही ती मांडणी टिकते. पाणी व रंग यांना आत अधिक वाव मिळतो.

मर्सरने १८५० साली या क्रियेचे पेटंट घेतले. परंतु १०० वार कापड घालावे आणि ७५-८० वार हाती यावे, हा व्यवहार गिरण्यांना कसा परवडणार? १८६६ साली मर्सर निवर्तला, तेव्हा त्याचा शोध बहुतांशी अडगळीतच पडला होता.

१८९० च्या सुमारास होरेस लो या इंग्रज रसायनज्ञाने तेच द्रावण वापरले. मात्र कापड ताणून धरले आणि ताणलेल्या स्थितीतच सोडा धुऊन काढला. लांबी टिकली, शिवाय गुळगुळीत झालेल्या तंतूंवर रेशमाची झळाळी आली.

तंतू आधीही सेल्युलोजचा होता, नंतरही सेल्युलोजचाच राहिला. बदलली ती त्याची घडण. आणि तिच्याबरोबर बळ, रंग व तेज हे सारे बदलले. म्हणूनच मर्सरायझिंगच्या खात्यात आजही द्रावणाच्या तीव्रतेइतकेच कापडाच्या ताणावर लक्ष ठेवावे लागते.